पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी (२३ एप्रिल, इ.स. १८५८ – ५ एप्रिल, इ.स. १९२२) या संस्कृत पंडिता, समाजसुधारक, ‘शारदा सदन’ व केडगाव येथील ‘मुक्ती मिशन’ या संस्थांच्या संस्थापक आणि बायबलच्या मराठी भाषांतरकर्त्या होत्या. स्त्रीशिक्षण आणि विधवांचे पुनर्वसन या क्षेत्रांतील कार्यासाठी त्या सर्वपरिचित आहेत. या कार्यामागे उभी असलेली त्यांची धर्मश्रद्धा मात्र त्या मानाने कमी अभ्यासली गेली आहे. आयुष्यातील प्रत्येक निर्णय, अगदी उद्याच्या धान्याचा प्रश्नसुद्धा, ईश्वराच्या मार्गदर्शनावर सोपवणे हे त्यांच्या उत्तरायुष्याचे सूत्र होते. शास्त्री, बिशप, सुधारक आणि सरकार यांपैकी कोणाचाही शब्द केवळ अधिकाराच्या बळावर मान्य न करणारी ही स्त्री ईश्वरापुढे संपूर्ण शरण गेली, ही बाब त्यांचे चरित्र वाचताना सतत ध्यानात ठेवावी लागते.

बालपण आणि तीर्थयात्रा

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ या अरण्यातील स्थानी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व वेदशास्त्रसंपन्न पंडित होते. पुण्यात गुरुगृही शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जात असल्याचे त्यांनी पाहिले होते. आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावी, असे तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतले. द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकवले. त्यावरून झालेल्या विरोधानंतर ते अरण्यात आश्रम करून राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनीच धाकट्या रमेला शिकवले आणि भागवताचे १८,००० श्लोक तिच्याकडून पाठ करून घेतले.

रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंबाने घर सोडले. एका माणसाच्या डोक्यावरील वेताच्या पेटाऱ्यातून तिचा हा प्रवास सुरू झाला. पुढची सोळा वर्षे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. मिळालेल्या दक्षिणेतून दानधर्म व ब्राह्मणभोजने होत असत. पोटासाठी अन्य काम करणे शास्त्रीबुवांना धर्मबाह्य वाटे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांना दक्षिणेत गाठले आणि थोड्याच अवधीत वडील, आई आणि थोरली बहीण कृष्णाबाई अशा तिघांचा मृत्यू झाला.

मृत्यूपूर्वी अनंतशास्त्र्यांनी रमेला जवळ घेऊन आपण तिला देवाच्या हाती सोपवत असल्याचे सांगितले आणि जन्मभर त्याचीच सेवा करण्याची आज्ञा केली. रमाबाईंनी ही आठवण अखेरपर्यंत जपली. धर्मांतरानंतरही वडिलांची ही आज्ञा आपण मोडली असे त्यांना वाटले नाही. उलट त्या प्रार्थनेला मिळालेले उत्तर म्हणजेच आपले आयुष्य, असे त्या मानीत. त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेची मुळे केवळ मिशनऱ्यांच्या संपर्कात शोधणाऱ्यांकडून हा दुवा बहुधा सुटतो.

आईवडिलांच्या मागे रमा आणि थोरला भाऊ श्रीनिवास यांनी उत्तरेपर्यंत पायी भ्रमंती केली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नसल्याने त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून रात्री काढल्या. व्रते, उपवास, तीर्थस्नाने आणि दाने यांत कोठेही कसूर झालेली नसताना दैवते प्रसन्न का झाली नाहीत, हा प्रश्न याच वर्षांत दोघांच्या मनात उभा राहिला. त्याचे उत्तर मिळाले नाही आणि जुनी श्रद्धा हळूहळू गळून पडली.

कलकत्ता, विवाह आणि वैधव्य

इ.स. १८७८ मध्ये भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितसभेने रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांनी स्त्रियांना निषिद्ध मानलेले वेद वाचण्यास त्यांना प्रवृत्त केले. धर्मशास्त्रांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. परस्परांशी न जुळणारी ही शास्त्रे स्त्री व शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाकारण्याच्या बाबतीत मात्र एकमताने बोलतात, असे त्यांना आढळले.

१८८० मध्ये श्रीनिवासाचे निधन झाले. त्याच वर्षी जून महिन्यात रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय व आंतरप्रांतीय होता. आसामकडील सिलचर येथे त्यांचा संसार झाला. पतीच्या पुस्तकसंग्रहात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. त्यांची ख्रिस्ती धर्माबद्दलची जिज्ञासा पतीला रुचली नव्हती. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमेचा जन्म झाला आणि दहाच महिन्यांत, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, बिपिनबिहारी पटकीने वारले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. याच काळात नेहेम्या गोरे या ख्रिस्ती झालेल्या विद्वान ब्राह्मणाचा त्यांच्या विचारांवर प्रभाव पडला.

इंग्लंडमधील वास्तव्य

वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. बरोबर मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. श्रवणदोषामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या मठात त्यांचा मुक्काम होता. तेथील भगिनी समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांना आश्रय देऊन ममतेने सांभाळतात, हे त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागातील आश्रमात पाहिले. अशा स्त्रियांबद्दलची कठोर शास्त्रवचने रमाबाईंना मुखोद्गत होती. त्यामुळे हे दृश्य त्यांना नवीन होते. या वागणुकीचा उगम कशात आहे असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा सांगण्यात आली.

आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे आत्महत्या केली. या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात या वार्तेने खळबळ उडाली.

यानंतर रमाबाई चर्चच्या आज्ञेत राहतील ही अपेक्षा फोल ठरली. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः शिकतही होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी या हस्तक्षेपाचे कारण विचारले. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असण्यापेक्षा ती आपल्या देशाच्या संस्कृत भाषेत असावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटल्याखेरीज तो केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र हा प्रामाणिक शोध आहे हे ओळखले. या तिघींचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. एका परंपरेच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्या परंपरेचे जोखड रमाबाईंना नको होते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

अमेरिका आणि शारदा सदन

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि सुमारे तीन वर्षे तेथे राहिल्या. बालविधवांच्या स्थितीचे वर्णन करणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना होऊन दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे ठरले. शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार होऊ नये, अशी अट होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. ब्राह्मण विधवांना आपापले आचार पाळण्याची तेथे मोकळीक होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेशी पुढे धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. न्या. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळावर होते.

इ.स. १८९१ चा अनुभव

याच काळात रमाबाईंच्या अंतर्यामी एक घडामोड चालू होती. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली तरी मनाला शांती नव्हती. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी कबुली त्यांनी पुढे ‘अ टेस्टिमनी’ (१९०७) या आत्मनिवेदनात दिली आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य स्वतःचेच प्रवचन देता देता पालटला होता. धर्मोपदेशकालासुद्धा आधी स्वतः शरण जावे लागते, ही गोष्ट रमाबाईंच्या मनाला लागली. सिद्धांतांची तपासणी पूर्ण होण्याची वाट न पाहता त्यांनी आपले पाप, आपली विद्वत्ता आणि आपली संस्था ख्रिस्तापुढे ठेवली. लहानपणापासून पुण्य साठवण्याची सवय लागलेल्या या स्त्रीला तारण फुकट मिळते हे स्वीकारणे तर्काहून कठीण गेले असावे.

यानंतर त्यांनी जॉर्ज म्युलर व चायना इनलँड मिशनचे हडसन टेलर यांच्या कार्याचे वृत्तांत वाचले. म्युलर यांनी ब्रिस्टल येथे हजारो अनाथांचा सांभाळ केला, परंतु कोणाकडे वर्गणी मागितली नाही. गरज फक्त देवाला सांगायची असा त्यांचा नियम होता. हिंदुस्थानात असे घडू शकेल काय, असा विचार रमाबाईंच्या मनात सुरू झाला.

या शरणागतीची किंमत लगेच चुकवावी लागली. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे ठेवीत आणि काही विद्यार्थिनी आपण होऊन येऊन बसत. कोणावर सक्ती नव्हती, हे त्यांच्या टीकाकारांपैकीही अनेकांनी मान्य केले. पण ज्या बाईने आश्रय दिला तिचा प्रभाव कोवळ्या मनांवर पडणारच, हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी राजीनामे दिले आणि पंचवीसच्या सुमारास मुलींना पालकांनी काढून नेले. दार बंद करून प्रार्थना केली असती तर वाद मिटला असता, पण ती तडजोड रमाबाईंनी केली नाही. पुण्याच्या सुधारक वर्तुळाशी असलेले त्यांचे नाते येथे तुटले ते कायमचेच.

दुष्काळ आणि केडगाव

असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, याचा विचार करून रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. तेथे फळबाग करून तिच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, अशी योजना होती. या सुमारास लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या आपल्या पंधरा मुलींसह गेल्या असता, देवाने या संख्येचा वर्ग करून द्यावा, म्हणजे २२५ मुली द्याव्यात, अशी प्रार्थना त्यांनी केल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. गणिती भाषेतील ही मागणी त्यांच्या सहकाऱ्यांनाही धाडसाची वाटली असल्यास नवल नाही.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना आपल्या आईवडिलांचा मृत्यू आठवला. हाताशी पैसा नव्हता आणि राहण्यास जागाही नव्हती. तेथे जावे ही ईश्वराचीच आज्ञा आहे असे मानून त्या निघाल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. दुष्काळी भागात मुलींना फूस लावून नेणारे दलाल हिंडत होते, त्यामुळे विलंबाला वाव नव्हता. आणलेल्यांपैकी काही जणी उपासमारीने इतक्या खचल्या होत्या की त्या वाचू शकल्या नाहीत.

त्यातच पुण्यात प्लेग आला आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. त्यामुळे मुलींना केडगावच्या उघड्या रानावर नेऊन तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवावे लागले. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशा रीतीने वसाहत झाली. ही घडामोड रमाबाईंनी स्वतः योजलेली नव्हती, आणि म्हणूनच त्यांना तीत मार्गदर्शन दिसले. प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सरकारवर जाहीर टीका केली, हेही येथे नोंदवले पाहिजे. ईश्वरावर भार टाकणे म्हणजे अन्यायाविषयी मौन पाळणे, असा अर्थ त्यांनी कधी केला नाही.

या वसाहतीला यशयाच्या ग्रंथातील एका वचनावरून ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस जाऊन आल्या. जुना करार संपला होता आणि आता कोणाचेही ठरावीक वचन पाठीशी नव्हते. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

मुक्ती मिशनची व्यवस्था

कर्ज काढायचे नाही, पैसा संपला तर प्रार्थना करायची आणि आलेल्या पैशाचा पै-पैचा हिशेब ठेवायचा, ही केडगावची रीत होती. रोजच्या धान्याची चिंता अनेकदा त्या दिवसाच्या टपालावर अवलंबून असे. ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रिकेतून संस्थेचे वृत्त परदेशातील वाचकांपर्यंत जात असे आणि देणग्या येण्यात तिचाही वाटा होता. रमाबाईंना मात्र वृत्त कळवणे आणि याचना करणे यांत भेद दिसत होता.

प्रार्थनेवरील या भिस्तीमुळे कष्टांना फाटा मिळाला नाही. विहिरी खणल्या गेल्या. विणकाम, शेती, गोपालन, तेलाचा घाणा, शिवण, छपाई अशी कामे स्त्रियाच करीत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ आणि वृद्धांसाठी ‘प्रीती सदन’ असे विभाग होते. येथे जातीनुसार पंक्ती नव्हत्या. स्वतः रमाबाई जन्मभर शाकाहारी राहिल्या आणि साधे पांढरे लुगडे नेसत.

इ.स. १९०५ ची जागृती

वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्ता केडगावला पोहोचल्या होत्या. मनोरमा आणि मिनी एब्रम्स या सहकारी मिशनरी ऑस्ट्रेलियातील जागृतीची माहिती घेऊन आल्या होत्या. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोजची खास प्रार्थनासभा सुरू केली. सत्तर जणींपासून वाढत ती साडेपाचशेंपर्यंत गेली. जूनच्या अखेरीस सभेत मुली रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या आणि सर्वजणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या.

काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. हिंदुस्थानी स्त्रिया आपल्या दुःखात आणि भक्तीत मोकळेपणाने रडतात, त्यांना इंग्लंडमधील शिस्तीचा साचा लावण्याचे कारण नाही, असे त्यांचे मत होते. शांतपणे तर्क करणाऱ्या या पंडितेने सभेचे सूत्र अशा वेळी आपल्या हातातून जाऊ दिले, हे विशेष. मात्र अन्य भाषांत बोलणे हीच पवित्र आत्म्याच्या प्राप्तीची एकमेव खूण होय, हा पुढे प्रचलित झालेला आग्रह त्यांनी धरला नाही. एब्रम्स यांच्या लेखनामुळे केडगावच्या घटनांचा प्रभाव दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचला.

बायबलचे भाषांतर

प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून खेड्यातील स्त्रियांना ती उमगत नाही, असे रमाबाईंना वाटे. मूळ ग्रंथापर्यंत जाण्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सुमारे अठरा वर्षे हे काम केले. ज्या संस्कृतने त्यांना कीर्ती दिली, तिचेच शब्द त्या एकेक करून वगळीत गेल्या. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनी केली. नवा करार १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चर्चच्या उपासनेत हे भाषांतर रुळले नाही. तरीही संपूर्ण बायबलचे एकहाती भाषांतर करणाऱ्या जगातील मोजक्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

अखेरची वर्षे

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. कामाचा वारसा मनोरमाबाईंकडे जावा, अशी सर्वांची अपेक्षा होती. त्यांनी मुक्तीची शाळा सांभाळली होती आणि गुलबर्गा येथे नवे शैक्षणिक कार्य उभारण्यात भाग घेतला होता. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आईवडील, भावंडे आणि पती यांच्यानंतर उरलेले हे एकमेव माणूस होते. रमाबाईंनी भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम चालूच ठेवले. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्यांचा मृत्यू झाला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

स्मृती

देवदत्त नारायण टिळक यांनी ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ हे चरित्र लिहिले. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगाव येथील संस्था पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने आजही चालू आहे. ज्या चर्चच्या बिशपांशी त्यांनी वाद घातला होता, त्या चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी राखलेला आहे.